घाटात तापणारी जुनी जीप: रेडिएटर नवा, पंप नवा, तरी काटा वरच

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं आणि माझ्या गाडीचं दुखणं एकच आहे का ते कळेल. गाडी महिंद्रा एमएम ५४०. इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी डिझेल. शहरात काही त्रास नाही, सिग्नलला कितीही वेळ उभी करा, तापमानाचा काटा मध्यावर. सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाने दिवसभर पळते. पण गाडीत चार माणसं आणि सामान असलं आणि घाट लागला, की दहा-बारा मिनिटांत काटा चढायला लागतो. बाजूला घेऊन बॉनेट उघडावं तर सगळं जागच्या जागी. थोड्या वेळात काटा खाली. आणि मिस्त्रीच्या दारात नेली, की पाहुण्यांसमोर गुणी पोर वागतं तशी वागते.

दोन वर्षं मी हे चालवून घेतलं. ताम्हिणीत तापली, थांबलो, कणीस खाल्लं, निघालो. वरंध्यात तापली, थांबलो, फोटो काढले, निघालो. पण हिमाचलातल्या स्पितीला जायचं ठरलं तेव्हा ही सोय संपली. किन्नौरमधून काझा, पुढे लोसर, कुंझुम खिंड, बातल आणि मनाली. लोसर सोडल्यावर ग्राम्फूपर्यंत बातल, छतडूचे ढाबे सोडले तर काही नाही. पार्टही नाही आणि फोनची रेंजही नाही.

तोवर झालेला खर्च मांडतो. रेडिएटरचा कोअर, म्हणजे आतल्या नळ्यांची जाळी, नवा. वॉटर पंप नवा. फॅन बेल्ट दोनदा. शेवटी एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून हातात दिला, "हा काढला की कधीच तापणार नाही साहेब." पुढच्याच रविवारी तापली.

माझी चूक कुठे झाली ते आता दिसतं. पहिल्यांदा गाडी तापली तेव्हा ती सपाट हायवेवरही तापत होती. ते दुखणं खरंच रेडिएटरचं होतं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं होतं, नळ्यांत क्षार बसले होते. कोअर बदलल्यावर सपाटीवरचं तापणं थांबलं, घाटातलं राहिलं. म्हणजे दुखणं बदललं होतं. मी मात्र "अजून तापतेच" एवढंच म्हणत राहिलो आणि जुन्याच आजाराची औषधं बदलत बसलो.

म्हणून पार्ट बदलण्याआधी एक वही घ्या आणि गाडी कधी तापते ते लिहा. उभी असताना किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेग घेतल्यावर थंड होते, तर हवा कमी पडतेय: पंखा, बेल्ट, पंख्याभोवतीचा श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून लावलेलं कडं. जुन्या जीपमध्ये तो श्राउड कुणीतरी कधीतरी काढून ठेवलेला असतो आणि परत बसवलेला नसतो. उभी असताना ठीक, पण वेगात आणि चढावर तापते, तर पाणी कमी फिरतंय: रेडिएटर तुंबलाय, पंपाची पाती झिजलीत किंवा होज, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, बिघडलाय. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पाच मिनिटांतच काटा उसळतो, तर आत हवा अडकली आहे किंवा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलं आहे.

त्याआधी काटा खरं बोलतोय का हे बघणं आलंच. माझा काटा रात्री हेडलाइट लावले की बोटभर वर जायचा. इंजिन त्याच क्षणी तापत नाही, बिघडलेलं असतं ते डॅशबोर्डचं अर्थिंग. इन्फ्रारेडची टेंपरेचर गन आता हजार-दीड हजारात मिळते, ती घ्या आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरा. चकचकीत धातूवर ती खरा आकडा दाखवत नाही, बराच कमी दाखवते. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्याच्यावर नेम धरा.

ती गन घेऊन मी वरंध्यात गेलो. काटा वर गेल्यावर इंजिन सुरू ठेवूनच मोजलं. वरचा होज १०२, खालचा ६१. एवढा फरक बघून मला आधी आनंदच झाला, वाटलं रेडिएटर किती छान थंड करतोय. तो आनंद उलटा होता. वरून गेलेलं पाणी रेडिएटरमध्ये इतका वेळ रेंगाळत होतं की पार निवून बाहेर पडत होतं, आणि इंजिनमधलं पाणी तिकडे तापत बसलं होतं. दोन्ही होज जवळपास सारखेच गरम असते तर रेडिएटर किंवा हवा दोषी. फरक फार मोठा असेल तर पाणी नीट फिरत नाहीये.

पण का? पंप तर नवा होता. उत्तर भोरच्या एका जुन्या मिस्त्रींनी दिलं. मी गाडी लावली, बॉनेट उघडलं आणि दोन वर्षांची कहाणी सुरू केली. त्यांनी मध्येच हात वर केला.

"गाडी उभी करून काय बघताय? गरम आहे तोवर रेस करा."

मी आत बसून ॲक्सिलरेटर दाबला. ते टॉर्च घेऊन खाली वाकले. "अजून. अजून दाबा. धरून ठेवा." मग म्हणाले, "आता तुम्ही या, मी दाबतो."

रेडिएटरच्या तळातून पंपाकडे जाणारा जाड होज मधोमध चपटा झाला होता. आपण पेप्सीकोला शेवटपर्यंत ओढून घेतला की पिशवी जशी आत चिकटते, तसा. त्यांनी रेस सोडली, आणि होज हलकेच फुगून पुन्हा गोल झाला. कुणी कधी काही बघितलंच नव्हतं, कारण बघायला थांबलं की तो गोल व्हायचा.

कारण साधं आहे. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रेस वाढली की ओढ वाढते. रबर गरम होऊन मऊ झालेलं असतं. होज चपटा होऊ नये म्हणून त्याच्या आत तारेची स्प्रिंग असते. कोअर बदलताना माझा जुना होज कापून काढला होता आणि दुकानातून मापाचा नवा तुकडा आणून बसवला होता. स्प्रिंग जुन्या होजबरोबर भंगारात. सपाटीवर रेस कमी, म्हणून भागत होतं. घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिन ओरडायला लागलं की पाण्याची वाट बंद. थंड इंजिनवर ही चाचणी केलीत तर काहीच दिसणार नाही, होज ताठ राहतो. इंजिन पूर्ण गरम पाहिजे, दोन माणसं पाहिजेत, आणि वाकणाऱ्याने मफलर, ढगळ बाही, गळ्यातली दोरी काढून ठेवावी. पंखा तिथेच हातभर अंतरावर असतो.

मिस्त्रींनी दुसऱ्या एका होजमधली गंज न लागलेली स्प्रिंग काढून घातली. गंजलेली घालू नका. ती तुटली की तारेचे तुकडे थेट पंपात जातात. मी नंतर स्प्रिंगसकट चांगल्या प्रतीचा होज मिळवला आणि ती जोडी स्पेअरमध्ये ठेवली. एक खुलासा: गाडी बंद करून थंड झाल्यावर होज चपटा दिसत असेल तर दोष वेगळा. तेव्हा रेडिएटरच्या झाकणातला छोटा व्हॉल्व्ह अडकलेला असतो आणि जास्तीचं पाणी साठवणाऱ्या बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही.

झाकणाचा विषय निघालाच आहे, तर इथे जरा थांबतो, कारण उंचीवर जाणाऱ्याने या शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूकडे सगळ्यात आधी बघायला हवं. माझ्या झाकणावर ०.९ लिहिलेलं आहे. म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा ०.९ बार जास्त दाब झाला की ते सुटतं. समुद्रसपाटीला त्या दाबाखाली साधं पाणीही ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. पण झाकण मोजतं ते बाहेरच्या हवेपासून, आणि ती हवाच वर विरळ असते. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५६-५७ टक्के. चांगलं झाकण असेल तर तिथे उकळी ११० अंशांच्या आसपास येते. झाकणाचं रबर मेलेलं असेल तर ८५ ला. आता थर्मोस्टॅट बघा: साधारण ८२ अंशांना तो उघडायला लागतो आणि पूर्ण उघडायला त्याला आणखी दहा-बारा अंश लागतात. म्हणजे मेलेलं झाकण लावून कुंझुमला गेलात, तर थर्मोस्टॅट नीट उघडायच्या आत पाणी उकळेल. इंजिनात काहीही बिघाड नसताना. पुण्यात हेच झाकण वर्षभर कुरकुर करत नाही.

रेडिएटरवाल्याकडे हातपंपाचा टेस्टर असतो. माझं झाकण ०.३ लाच सुटलं. ०.९ चं नवं घेतलं. काहीजण "जास्त दाबाचं बसवा" म्हणतात. बसवू नका. जुन्या पितळी रेडिएटरचे सांधे आणि हीटरची नळी त्या दाबासाठी केलेली नसते. सांधा सुटणारच असेल तर तो नेमका बातलच्या दगडांत सुटेल.

त्याच टेस्टरने रेडिएटरमध्ये दाब भरून पंधरा मिनिटं गाडी तशीच ठेवली. काटा हलला नाही. पडला असता तर आधी बाहेरची गळती शोधायची: होजच्या क्लिपा, हीटरचा कॉक, आणि वॉटर पंपाच्या पोटाखालचं बारीक छिद्र. ते छिद्र बुजवायचं नसतं. पंपाचं सील जायला लागलं की तिथून थेंब येतो, ती सूचना असते. बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी पाणी कमी होतंय, तर मग हेड गॅस्केटकडे वळा. सकाळी थंड इंजिन, झाकण उघडं, सुरू करून बघा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. थांबतच नाहीत, किंवा इंजिन कोमट व्हायच्या आतच वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर गॅस्केट गेलं आहे आणि हेड काढल्याशिवाय सुटका नाही. अशी गाडी घेऊन हिमालयात जायचा विचार सोडा.

थर्मोस्टॅट मी परत बसवला. तो काढल्याने काही इंजिनांत उलटाच परिणाम होतो. बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट सतत उघडी राहते आणि पाणी रेडिएटरला वळसा घालून तिथल्या तिथे फिरतं. शिवाय काझ्याच्या सकाळी डिझेल इंजिन गरमच होत नाही, धूर ओकत राहतं. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तो उघडताना बघा. स्वयंपाकघरातलं पातेलं घेतलंत तर परवानगी घेऊन. माझ्याकडे त्या पातेल्याची मालकी आता कायमची आली आहे.

पाण्याऐवजी कूलंट, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. उकळी सात-आठ अंश वर जाते हा फायदा आहेच, पण खरं कारण रात्र आहे. सप्टेंबर संपत आला की त्या बाजूला रात्री पारा शून्याखाली जातो. नुसतं पाणी गोठलं तर ब्लॉक फुटतो. अर्धं-अर्धं मिश्रण उणे ३५ च्या खालीही तग धरतं. आधी दोनदा साध्या पाण्याने धुऊन काढा, वेगवेगळ्या रंगांची कूलंटं एकत्र करू नका, आणि भरताना गाडीचं तोंड चढाकडे करून हीटरचा कॉक उघडा ठेवा, म्हणजे हवा निघून जाते.

एवढं झाल्यावर परीक्षा घ्यायची ती घराजवळ. मी पोलादपूर ते महाबळेश्वर निवडला. आंबेनळी घाट जवळपास समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर नेतो, आणि चढ मोडत नाही. मे महिना, दुपार, गाडीत चार माणसं आणि मागे वाळूची पाच पोती. नवीन होजने एकदाही थांबायला लावलं नाही, हाउसिंगवर सगळ्यात जास्त आकडा ९६. ही परीक्षा रिकाम्या गाडीने, पहाटे, पावसाळ्यात देऊ नका. पास होऊन काय उपयोग?

बाकीची तयारी थोडक्यात. चारी चाकांचे बेअरिंग उघडून नवं ग्रीस. ड्रम ब्रेकचे लायनर, व्हील सिलिंडर, आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदललेलं, कारण जुन्या ऑइलमध्ये पाणी मुरतं आणि लांब उतारावर पेडल मऊ पडतं. स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधला बोल्ट आणि यू-बोल्ट आवळून घ्या, दोनशे किलोमीटरवर पुन्हा आवळा. फोर बाय फोर वर्षभर वापरलं नसेल तर लिव्हर आणि पुढचे हब (पुढची चाकं एक्सलला जोडणारे-सोडवणारे) मातीच्या रस्त्यावर चालवून बघा, जाम झालेला हब बर्फाच्या नाल्यात उघडत नाही. डिझेल लाइनचे जुने रबरी पाइप आणि तांब्याचे वॉशर बदला. जुनी डिझेल गाडी एअर घ्यायला लागली, म्हणजे डिझेल लाइनमध्ये हवा शिरू लागली, की उंचीवर तो त्रास वाढतो. फिल्टरवरून एअर काढायला स्वतः शिका, गॅरेजमध्ये उभं राहून दोनदा करून बघा. नेहमीचं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल काढलं ते याचसाठी. सप्टेंबरमध्ये आम्हाला त्याची गरज नव्हती.

कागदपत्रांत एकच गोष्ट ठळक. माझी गाडी बीएस-४ या प्रदूषण निकषाच्या कितीतरी आधीची. हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली-एनसीआरमध्ये बंदी आहे, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, आणि नंतर मिळालेला दिलासा एवढ्या जुन्या गाड्यांपर्यंत पोचलेला नाही. एनसीआर म्हणजे फक्त दिल्ली नव्हे, हरियाणाचे बरेच जिल्हे आणि राजस्थानातलं अलवर, भरतपूरही त्यात येतं. आम्ही बिकानेर, हनुमानगड, भटिंडा, पतियाळा असा वळसा घेतला. लांब पडतं, पण रस्ता मोकळा होता आणि जीपला तसंही कुठे घाई होती.

चढावर गाडी चालवायची पद्धतही मला बदलावी लागली. आपल्याला सवय असते वरच्या गिअरवर रेटत नेण्याची, डिझेल वाचतं म्हणून. टर्बो नसलेल्या इंजिनाला वर हवा कमी मिळते, तुम्ही पेडल दाबता, डिझेल तेवढंच पडतं आणि ते काळा धूर होऊन जातं. ताकद नाही, नुसती उष्णता. त्यापेक्षा एक गिअर खाली घ्या, पेडल हलकं ठेवा, रेस वाढू द्या. पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात. मी पुढचे हब फ्री ठेवून काही ठिकाणी लो रेंजही, म्हणजे फोर बाय फोरच्या लिव्हरचा सावकाश पण जोरकस गिअर, वापरला. मागच्या एक्सलवर सगळा जोर येतो, म्हणून हलक्या पायाने. अर्थात खालच्या होजमध्ये स्प्रिंग नसती तर हाच सल्ला मला बुडवणारा ठरला असता.

तरीही तापलीच तर लगेच किल्ली फिरवू नका. पाणी आत आहे तोवर गाडी न्यूट्रलमध्ये, रेस किंचित वाढवून, हीटर पूर्ण उघडून दोन-तीन मिनिटं ठेवा. वाफेचा लोट आला, होज फुटला, तर मात्र तत्काळ बंद. आणि वर गेलेला काटा अचानक झपकन खाली आला तर हुश्श करू नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की काटा असाच पडतो. झाकणाला अर्धा तास हात लावायचा नाही. मग कापड ठेवून पहिल्या खाचेपर्यंत, आणि सुरू इंजिनात कोमट पाणी धारेने. बारीक गळती असेल तर खाली मैदानात लोक झाकण सैल ठेवून गाडी घरी आणतात. उंचीवर ती युक्ती करू नका, उकळीचं गणित वर सांगितलंच आहे.

कुंझुमला पोचलो तेव्हा दुपार होती. लोसरपासूनच्या चढावर हाउसिंग ९४ च्या वर गेलं नाही. तिथल्या रिवाजाप्रमाणे गाडीनेच कुंझुम मातेच्या मंदिराला फेरी घातली, आणि इंजिन सुरू ठेवून मी बॉनेट उघडलं. मित्राला म्हटलं रेस कर. होज गोल होता. मित्र म्हणाला, "अरे देवीला नमस्कार कर आधी."

घरी आल्यावर बाटलीतली पातळी खुणेच्या दोन बोटं खाली सापडली. वॉटर पंपाच्या त्या छिद्राशी हिरवट पांढरा सुकलेला ओघळ होता. दाब भरून पाहिलं, पंधरा मिनिटांत काटा किंचित उतरला. पंपाचं सील मागवलं आहे, आलं की या शनिवारी बेल्ट उतरवायचा.